उड्डाणाआधी थकव्याचा अहवाल कसा द्यावा

ड्युटीवर येणाऱ्या क्रूची मद्यासाठी श्वासचाचणी होते. झोप किती झाली हे सांगणारे यंत्र मात्र कुठल्याच विमानतळावर नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी घसरते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. त्यामुळे आपण थकलो आहोत हे वेळेवर आणि लेखी कळवणे वैमानिक व केबिन क्रू या दोघांनाही नीट जमले पाहिजे.

थकवा जाणवताच, पिकअपची गाडी दारात येण्याची वाट न पाहता, शेड्युलिंगला (ड्युट्या लावणाऱ्या विभागाला) फोन करावा आणि 'फटीग' (थकवा) हाच शब्द वापरावा. वाद नको म्हणून अनेक जण 'सिक' (आजारी) कळवतात. हे समजण्यासारखे असले तरी त्याने नुकसानच होते, कारण दमवणारे रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) मग कागदावर निर्दोष राहते. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांसाठी जाहीर केलेल्या सुधारित नियमांनुसार विमान कंपन्यांनी दर तिमाहीला थकव्याच्या अहवालांचे विश्लेषण आणि त्यांवर केलेली कारवाई सादर करायची आहे. आजारपणाच्या रजेत लपलेला थकवा त्यात येणारच नाही.

फोननंतर त्याच दिवशी थकव्याच्या अहवालाचा अर्ज भरावा. 'खूप दमलो होतो' एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'सलग दोन रात्री ड्युटी. काल सकाळी आठला घरी; झोप ११ ते २, नंतर प्रयत्न करूनही झोप नाही. आज पिकअप रात्री ११.३०, रिपोर्टिंग १.१५. सॅम-पेरेली श्रेणी ६.' थकवा मोजणारी ही श्रेणी १ ते ७ अशी असून ७ म्हणजे पूर्ण गळून जाणे. पिकअपची वेळ आवर्जून लिहावी, कारण नियमातली ड्युटी रिपोर्टिंगपासून मोजली जाते आणि कल्याण किंवा विरारहून अंधेरीला येण्यात गेलेला वेळ कुठेच नोंदला जात नाही. पहाटे २ ते ६ या वेळेत शरीराची सतर्कता सर्वांत कमी असते. ड्युटीचा किती भाग त्यात येतो तेही नमूद करावे.

थकवा उड्डाणातच जाणवला तर वैमानिकाने सहवैमानिकाला आणि केबिन क्रूने इनचार्जला स्पष्ट शब्दांत सांगावे. दमलेला माणूस आर्म केलेला (उघडताच स्लाइड फुगेल अशा स्थितीतला) दरवाजा तसाच उघडतो आणि स्लाइड, म्हणजे आपत्कालीन घसरगुंडी, बाहेर फुगते. म्हणून अशा वेळी दरवाजाची क्रॉसचेक सहकाऱ्याने स्वतः पॅनेलजवळ जाऊन, डोळ्यांनी पाहून करावी. लागलेली डुलकीही अहवालात लपवू नये. २२ मे २०१० रोजी पहाटे मंगळुरूला झालेल्या अपघातात १५८ जणांचा जीव गेला. त्या विमानाच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टन घोरत असल्याचे ऐकू आले होते, आणि झोपेतून उठल्यावर टिकणाऱ्या गुंगीचा चौकशी अहवालात विचार झाला होता. कॉकपिटमध्ये नियंत्रित विश्रांती (सहकाऱ्याला सांगून घेतलेली थोडा वेळ झोप) घेतली असेल, तर जाग आल्यावर पूर्ण भान येईपर्यंत विमानाचा ताबा घेऊ नये.

अहवालाची प्रत आणि क्रमांक स्वतःजवळ ठेवावा, फोनवर कोण, किती वाजता बोलले ते टिपून ठेवावे. उत्तर आले नाही तर शेड्युलिंगशी हुज्जत न घालता सुरक्षा विभागाला तोच क्रमांक देऊन लेखी विचारणा करावी. एकाच पेअरिंगबद्दल (एकत्र लावलेल्या उड्डाणांच्या साखळीबद्दल) इतरांचीही तक्रार असेल, तर सामायिक पत्रापेक्षा प्रत्येकाने आपापला अहवाल द्यावा. नोंदी वेगवेगळ्या असल्या की दोष त्या पेअरिंगचाच आहे हे विश्लेषणात दिसून येते.