मार्च-एप्रिलमध्ये तलावावर पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, बहुतेक जण पहिल्यांदा जातात ते पैठणला धरणाच्या भिंतीकडं, आणि मग म्हणतात पाणी एवढं मोठं पण पक्षी कुठंयत. अहो, खोल पाण्यात तुतारी, टिलवा, पाणटिवळा असले चिखलात टोचून खाणारे पक्षी उभे राहणार कुठं? त्यांना घोट्याएवढं पाणी अन मऊ गाळ लागतो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, नवा गाळ उघडा पडतो, त्यात अळ्या-किडे असतात आणि पक्षी त्यामागं जातात. त्यामुळं भिंत सोडा, बॅकवॉटरचा, म्हणजे धरणामागं लांबवर पसरलेल्या पाण्याचा, उथळ काठ धरा, कायगाव टोक्याच्या बाजूला किंवा काठावरच्या गावांकडं. माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, कुठल्याही धरणावर हेच. जायच्या आधी मासेमारी करणाऱ्यांना विचारा, "मामा, पाणी कुठवर मागं गेलंय?" हे मॅपवर कळत नाही.

दुसरी चूक वेळेची. एप्रिलअखेर जाऊन पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे रानहंस) शोधायचे आणि नाराज व्हायचं. ते आणि बरीचशी बदकं मार्चमध्येच वाटेला लागतात, भुवई बदक जरा रेंगाळतं, चिखलातले पक्षी मात्र एप्रिलातही भेटतात. आणि हळदीकुंकू बदक दिसलं की स्थलांतरित म्हणून लिहू नका, ते इथलंच आहे.

दिवसाची वेळ तर त्याहून महत्त्वाची. नऊ वाजले की आपल्याकडं पाण्यावर हवा थरथरायला लागते, मग दुर्बीण कितीही भारी असू द्या, लांबचा पक्षी नुसता हलणारा ठिपका. फोकस बिघडलाय समजून लोक लेन्स पुसत बसतात, पण दोष लेन्सचा नसतो. लांबचं सगळं उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत उरका, सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नंतर जवळची झाडं बघा. पळस फुललेला असला तर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे हमखास.

आता जी चूक खरंच जिवाला लागते ती. रोहित (फ्लेमिंगो) उडताना फोटो पाहिजे म्हणून थव्याकडं पळत जाणं, ओरडणं, ढेकूळ मारणं. या दिवसांत पक्षी खातोय तो लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायला. छोटा टिलवा चिमणीएवढा, वजन 20 ते 40 ग्रॅम, आणि त्याला जायचंय थेट सायबेरियाच्या उत्तरेला, अंडी घालायला. दर वेळी उठवला की साठवलेलं खर्च होतं आणि खाणं बुडतं ते वेगळंच. पक्ष्यांनी माना वर केल्या, चरणं थांबवलं, की तिथंच थांबा, खाली बसा, जमलं तर दोन पावलं मागं. ते पुन्हा चरायला लागले की बऱ्याचदा आपल्याच दिशेनं सरकतात, फोटो तेव्हा मिळतो. आणि गाळपेरातनं, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात पेरलेल्या शेतातनं, चालू नका, ते कुणाचं तरी पीक आहे, बांधावरनं जा.

गाडी काठापर्यंत नेणं ही पण नेहमीची गोष्ट. काळ्या मातीला वरनं भेगा पडलेल्या, पांढुरकी, वाटतं वाळलीय, पण पपडीखाली लोणी असतं. अडकलाच तर रेस करू नका, चाक अजून खाली जातं. टायरमधली थोडी हवा सोडा, चाकापुढचा चिखल हातानं काढा, शेतकऱ्याला विचारून तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या (तुरीची, कपाशीची वाळकी झाडं) चाकाखाली घाला आणि हळू बाहेर काढा.

ओळखीची गडबड राहिली. टिलव्यांमध्ये छोट्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवे, पण पायाला गाळ लागला की दोन्ही काळेच दिसतात, त्यामुळं पाय बघून लगेच नाव ठोकू नका. चाल बघा. छोटा उघड्या गाळावर भराभर पळत टोचतो, टेमिंक गवताच्या कडेला दबकून हळूहळू चालतो आणि उडाला तर शेपटीच्या कडा पांढऱ्या. पाणटिवळ्याची मान मार्चनंतर तांबूस व्हायला लागते, पुस्तकातल्या हिवाळी चित्राशी जुळणार नाही. तरी खात्री नसेल तर ईबर्डवर (पक्षीनोंदींचं ॲप) प्रजात न लिहिता गटाची नोंद करता येते, तीच करा.