भाषणात उपमा-रूपकं वापरताय? मग या चुका टाळा

शाळेत अलंकार शिकवतात ते परीक्षेपुरते, ओळ दिली की अलंकार ओळखा, दोन मार्क मिळवा, आणि दहावी झाली की विषय संपला. पण खरी गरज तर त्यानंतर पडते. ऑफिसात कुणाचा तरी निरोप समारंभ असतो, सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन गळ्यात पडतं, फेसबुकवर वडिलांबद्दल चार ओळी लिहायच्या असतात आणि मग आपण भारी वाटणारी वाक्यं शोधायला लागतो, तिथेच गडबड होते. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही उपमा दिली की समोरच्याच्या डोळ्यापुढे चित्र उभं राहतं, मग तुम्हाला ते दिसत असो वा नसो. बहुतेक चुका होतात त्या बोलणाऱ्याने स्वतःचंच चित्र नीट बघितलेलं नसतं म्हणून.

रथाला पालवी फुटू देऊ नका

"सरांनी संस्थेच्या रथाला खतपाणी घातलं आणि आज आपण तिची गगनभरारी बघतोय." असलं वाक्य कितीतरी सभांमध्ये कानावर पडतं. रथ, मग झाड, मग पक्षी, एकाच वाक्यात तीन चित्रं. प्रत्येक शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला असतो की बोलणाऱ्याला काही खटकत नाही, पण लक्ष देऊन ऐकणाऱ्याचं मन पहिल्या चित्रावर स्थिरावायच्या आत दुसरीकडे ढकललं जातं आणि शेवटी सरांनी नेमकं काय केलं ते कळतच नाही.

रूपक धरून कसं ठेवायचं हे बघायचं असेल तर संत एकनाथांचं विंचवाचं भारूड एकदा नुसतं वाचा, गाऊ नका, वाचा. काम-क्रोध हाच विंचू, तो चावला. चावला म्हटल्यावर अंगाला घाम येणार, तर तमाचा घाम आला. सगळ्या अंगाचा दाह झाला. मग उतारा पाहिजे, तो सत्त्वगुणाचा अंगारा. आणि मला सगळ्यात आवडते ती शेवटची जागा, उतारा दिला तरी 'किंचित राहिली फुणफुण'. ज्याला विंचू चावलाय त्यालाच माहिती असतं की विष उतरल्यावरही ठणका मागे राहतो, आणि मनाच्या विकारांचंही अगदी तसंच असतं. एकनाथ सोळाव्या शतकातले, तरी आजही ही ओळ ऐकली की पटते, कारण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत विंचू सुटलेला नाही.

तुमच्या भाषणात हे तपासायचं तर लिहून झाल्यावर चित्र दाखवणारे सगळे शब्द पेनाने अधोरेखित करा. एका परिच्छेदात झाड, जहाज आणि दिवा असं तिन्ही सापडलं तर दोन काढून टाका. झाड ठेवलंत तर खतपाणी, सावली, फळं सगळं त्यातूनच येऊ दे, संस्थेचे वाईट दिवस सांगायचे असतील तर पानगळही आहेच की.

महाभारतातलं नाव घेताना पूर्ण गोष्ट आठवा

ही चूक चांगल्या चांगल्या वक्त्यांकडून होते. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना कुणीतरी मनापासून "आमचे द्रोणाचार्य" म्हणतं, हेतू शंभर टक्के चांगला असतो, पण सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना लगेच एकलव्याचा अंगठा आठवतो. ज्येष्ठांना भीष्माचार्य म्हणतात, तेव्हा द्रौपदीची विटंबना होत असताना भर सभेत गप्प बसलेले भीष्मही सोबत येतात. एखाद्या तरुण उद्योजकाबद्दल "अभिमन्यूसारखा चक्रव्यूह भेदून बाहेर आला" असं म्हणतात. अहो, अभिमन्यूला आत शिरता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं, तीच तर त्याची गोष्ट आहे! आणि लग्नाच्या रिसेप्शनला दोन मित्रांना "कृष्ण-सुदामा" म्हटलं की त्यातला सुदामा कोण हा प्रश्न आपोआप येतो, एकाची परिस्थिती बेताची असेल तर त्याला सासरच्या लोकांसमोर ते चांगलंच लागतं.

नावं वापरूच नका असं मी म्हणत नाहीये. कुठल्या गुणासाठी नाव घेतोय ते त्याच वाक्यात सांगा. "दानाच्या बाबतीत कर्ण" म्हटलं की बाकीचा कर्ण बाजूला राहतो.

साम्य नेमकं कशात?

व्याकरणात उपमेचे चार भाग सांगतात, उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्य दाखवणारा शब्द. यातला साधारण धर्म म्हणजे दोघांमधला सारखा गुण, आणि हौशी लेखनात बऱ्याचदा तोच गायब असतो. "आईचं प्रेम सागरासारखं." बरं, पण कशात, खोल म्हणून, अथांग म्हणून, का कधी शांत कधी खवळलेलं म्हणून? कवी हा भाग मुद्दाम गाळू शकतो, कारण आजूबाजूच्या ओळी ते काम करत असतात, आपल्या एकट्या वाक्याला ते झेपत नाही. आणि "जणू सिंहासारखा" असं दोन्ही एकदम नको, एकतर जणू नाहीतर सारखा.

श्रद्धांजलीतली पोकळी

इथे मला मनापासून वाईट वाटतं. कुणी गेलं की अर्ध्या तासात ग्रुपवर मेसेज येतात, आधारवड कोसळला, काळाने घाला घातला, कधीही न भरून निघणारी पोकळी, एका पर्वाचा अस्त. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, पण हेच शब्द मागच्या महिन्यात दुसऱ्या कुणासाठी आलेले असतात, त्यामुळे घरच्यांपर्यंत काही पोचत नाही. आधारवड हे एकेकाळी किती सुंदर रूपक असेल, त्या पारंब्या, ती सावली, आता वाचताना झाड दिसतच नाही.

अशा वेळी अलंकार सरळ सोडून द्या आणि त्या माणसाची एक खरी गोष्ट लिहा. "काका दर रविवारी पेपरातलं कोडं अर्धं सोडवून उरलेलं माझ्यासाठी ठेवायचे." बस. यात उपमा नाही, रूपक नाही, तरी घरचा माणूस हे परत परत वाचेल.

प्रश्न विचारायचा तर उत्तराची तयारी ठेवा

वक्तृत्व स्पर्धेत हमखास सुरुवात होते, "मित्रहो, आपण कधी विचार केलाय का?" आणि पाठोपाठ अजून तीन प्रश्न, एकाचंही उत्तर पुढे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यावर सरकारने शहरावर कडक उपाय लादायला घेतले, तेव्हा टिळकांच्या केसरीतल्या अग्रलेखाचं शीर्षक होतं 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' एकच प्रश्न, उत्तर प्रश्नातच दिसतंय, आणि त्यानंतरच्या अग्रलेखाचं शीर्षक ठाम विधान होतं, 'राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे'. प्रश्नाने आधी हलवायचं आणि मग आपलं म्हणणं मांडायचं, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नुसतेच प्रश्न टाकत गेलात की लोकांना वाटतं याच्याकडे सांगायला काही नाही.

अतिशयोक्तीला मध्येच घाबरू नका

"जवळजवळ हजारदा सांगितलं" यातला जवळजवळ काढा. आचार्य अत्रे 'गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही' म्हणायचे ते बिनधास्त, पूर्ण ताणून, म्हणून कुणी वर्षं मोजायला बसलं नाही. अर्धवट फुगवलेला आकडा मात्र थाप वाटतो. अहवालात, बातमीत किंवा देणग्यांच्या हिशोबात तर अतिशयोक्ती नकोच, तिथे आकडा म्हणजे आकडाच.

चारोळ्या

सूत्रसंचालन करणाऱ्यांना एक विनंती. दर कार्यक्रमाआधी यमक जुळवलेली चार ओळींची कविता येते, फुले-झुले, भास-खास, आणि पाचव्या वेळी प्रेक्षक मोबाईल काढतात. स्टेजवर पोरं मेकअप करून ताटकळत उभी असतात त्यांचंही बघा. चारोळी ठेवायचीच तर पूर्ण कार्यक्रमात एक-दोन, आणि ती पुढच्या सादरीकरणाशी जोडलेली असेल तरच. बाकी वेळी कोण येतंय, काय सादर करणार आहे, कुणी बसवलंय एवढं स्पष्ट आवाजात सांगा आणि पडदा उघडू द्या.