वाड्यातल्या वस्तू हलवण्याआधी त्यांची नोंद कशी करावी

जुना वाडा उतरवायचा ठरला की आधी माळा रिकामा होतो, हंडे-घंगाळी चिंचेने घासून लख्ख केली जातात आणि कोणती वस्तू कुठे असे, हे एका दिवसात पुसले जाते. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरलेल्या जोत्यांवरून दालनांची मांडणी आज दिसते, पण कोणत्या कोनाड्यात काय ठेवत असत, हे सांगणारे तिथे काही उरलेले नाही. म्हणून वस्तू जिथे आहे तिथेच तिची नोंद करावी.

प्रथम कागदावर साधा आराखडा काढून देवडी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, कोठी यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक वस्तूच्या क्रमांकाआधी खोलीचा क्रमांक लिहावा. दिवळीवरची काजळी, अडसराची भिंतीतली खोबण, झोपाळ्याच्या कड्या, जमिनीत पुरलेले उखळ यांची शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत.

भांडी मात्र सावकाश पाहावीत. पुष्कळदा काठावर किंवा बुडाशी नाव, प्रसंग आणि शक कोरलेला असतो, आणि लग्नात आलेल्या भांड्यांवरून घरातल्या सुनांची माहेरेही कळू शकतात, जी वंशावळीत सहसा सापडत नाहीत. अक्षरे मोडी असतील तर तिरप्या उजेडात छायाचित्र घेऊन जाणकाराला दाखवावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीसाठी मात्र ७९ मिळवावे लागतात, म्हणून शके १७०२ चा चैत्र १७८० मध्ये पडतो आणि त्याच शकातला फाल्गुन १७८१ मध्ये. आतून कल्हई असलेले पातेले बहुधा रांधण्याचे असते, कारण तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कळकतात. बिनकल्हईचा तांब्याचा हंडा सहसा पाण्याचा. भांडे चुलीवर चढत होते की नाही, हे बुडाच्या काजळीवरून ओळखता येते, आणि घासताना पहिल्यांदा तीच जाते; त्यामुळे नोंद पूर्ण होईपर्यंत घासणे थांबवावेच.

पानदान, चुनाळे, अडकित्ता आणि तस्त एकत्र सापडले तर पुढे त्यांची वाटणी झाली तरी नोंदवहीत ते एकाच पानावर राहू द्यावेत. प्रत्येक वस्तूचे घरात रूढ असलेले नाव वडीलधाऱ्यांना, विशेषतः स्वयंपाकघर सांभाळलेल्या आजींना, विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावे. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी. डिंकाने चिकटवल्यास ती काढताना धातूवर डाग राहू शकतो.