फुकटच्या डिरेक्टऱ्या गेटवरच थांबवल्या : माझा अनुभव

वाशीतल्या आमच्या सोसायटीत धंद्यांच्या फुकट डिरेक्टऱ्या घरटी एक यायच्या आणि वरचं प्लास्टिक न फाडताच रद्दीत जायच्या. जीव हळहळायचा. लेटरबॉक्सवर ‘नको’ चिकटवून काही होत नाही. वाटणारा पोऱ्या गठ्ठा लॉबीत टाकतो, वॉचमनची सही घेतो, की त्याचं काम झालं. म्हणून सहीच थांबवायची.

सेक्रेटरीच्या सही-शिक्क्याचं पत्र गेटवर लावलं: ऑफिसला २ प्रती, बाकी परत. तेच गेट रजिस्टरच्या पहिल्या पानावर मराठी-हिंदीत लिहा. नाहीतर वॉचमन बदलला की मुसळ केरात. प्रकाशकाचा पत्ता आतल्या पानावर असतो. त्याला इमारत, सेक्टर आणि फ्लॅटची संख्या कळवा. नुसतं ‘नाव काढा’ म्हटलं तर एकच फ्लॅट वगळला जातो.

आलेल्या प्रतींचं कव्हर आधी फाडा. लॅमिनेशनचा थर प्लास्टिकचा, रद्दीपासून पुन्हा कागद करताना तो लगद्यात विरत नाही. पाठीचा वाळलेला डिंकही तसाच चिवट. पट्टी धरून कटरने अर्धा सेंटीमीटर आतून कापला की पानं सुटी होतात. ती कोरडीच द्या. भिजलेला गठ्ठा रद्दीवाला उचलत नाही.