आधी खोली, मग पडदा: घरच्या हॉलमध्ये चित्रपट नीट पाहण्यासाठी

घरी चित्रपट पाहण्याची चांगली व्यवस्था करायची म्हटले, की पहिली चर्चा होते ती टीव्ही किती इंचांचा घ्यावा याची. दसरा-दिवाळीच्या सवलतींत जमेल तेवढा मोठा टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो, आणि पहिल्याच रात्री आई विचारते, "काय म्हणाला रे तो?" आमच्याकडे नेमके हेच झाले. चित्र झळझळीत होते, पण संवाद कळत नव्हते. आवाज वाढवावा, तर पुढच्याच हाणामारीत खिडकीची तावदाने थरथरत आणि घाईने तो कमी करावा लागे. दोन-अडीच तास रिमोट हातातून सुटत नसे. पुढची दोन वर्षे थोडे थोडे बदल करत गेल्यावर लक्षात आले, की आमच्या खर्चाचा क्रमच उलटा होता. आधी खोली, मग आवाज आणि शेवटी चित्र, असा तो असायला हवा. पुढील मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

खोलीची तयारी

टेप घेऊन प्रथम एकच अंतर मोजावे: सोफ्यावर नेहमीसारखे टेकून बसल्यावर डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचे. हॉलची लांबी-रुंदी येथे कामाची नाही. आमचा हॉल दहा फूट बाय पंधरा फूट आहे आणि टीव्ही लांबीच्या भिंतीवर आहे. सोफ्याने व्यापलेली जागा वजा जाता डोळ्यांपासूनचे अंतर आठ फूटच भरते. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा, कारण टीव्हीचा आकार त्यावरूनच ठरणार आहे.

त्यानंतर पंखा बंद करून, खोलीच्या मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. टाळीचा आवाज लगेच विरला तर उत्तम. पण गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, मोकळ्या भिंती, सरकत्या काचांच्या खिडक्या आणि काचेचे टीपॉय अशा हॉलमध्ये टाळीमागोमाग धातूसारखी एक झिणझिण ऐकू येते. संवाद न कळण्याचे अर्धे कारण तीच असते. स्पीकरमधून निघालेला शब्द थेट कानापर्यंत येतोच, शिवाय फरशीवर, छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आपटून किंचित उशिराने पुन्हा पुन्हा येतो, आणि व्यंजने एकमेकांत मिसळतात. अशा खोलीत कितीही महागडे स्पीकर आणले तरी फार उपयोग होत नाही.

उपाय मात्र घरगुती आहेत. सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरावा आणि खिडकीला अस्तर लावलेले, चुण्या पडतील इतके रुंद पडदे लावावेत. बाजूच्या भिंतींवरची नेमकी जागा शोधण्यासाठी आपण नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी एक हातआरसा भिंतीला टेकवून सावकाश सरकवायला सांगावे. आरशात स्पीकर जेथे दिसेल, तेथूनच त्याचा आवाज परावर्तित होऊन आपल्याकडे येतो. मी विकतच्या ध्वनिशोषक पट्ट्या घेण्यापूर्वी त्या दोन्ही जागी खुर्च्यांच्या पाठींवर आईच्या दोन जुन्या गोधड्या टाकून पाहिल्या. फरक तत्काळ जाणवला, आणि पट्ट्यांऐवजी एका बाजूला पुस्तकांचे कपाट सरकवून काम भागले. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण त्यांनी भिंत विद्रूप होण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

आवाज

टीव्ही जसजसे पातळ होत गेले तसतसे त्यांचे अंगचे स्पीकर लहान झाले, आणि बहुतेकांची तोंडे आता खाली किंवा मागे असतात. त्यामुळे स्वतंत्र आवाजाची सोय ही चैन उरलेली नाही. पर्याय दोन आहेत: टीव्हीखाली ठेवण्याचा साउंडबार, किंवा एव्ही रिसीव्हर, म्हणजे आवाज वाढवून प्रत्येक स्पीकरला वाटून देणारे यंत्र, आणि त्याला जोडलेले स्वतंत्र स्पीकर. भाड्याच्या घरात, किंवा तारांचा पसारा नको असेल तेथे, साउंडबार योग्यच आहे. मात्र त्यात मध्यभागी संवादासाठी वेगळा स्पीकर आहे ना, एवढे विचारून घ्यावे. स्वतःचे घर असेल तर माझे मत स्वतंत्र स्पीकरांच्या बाजूने आहे, कारण ते हळूहळू वाढवता येतात.

अशा संचांवर लिहिलेल्या ५.१ या संज्ञेतील पाच म्हणजे समोरचे डावा, मधला आणि उजवा, तसेच बाजूचे दोन सराउंड; आणि '.१' म्हणजे खर्जाचा सबवूफर. चित्रपटातील बहुतांश संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून पैसे मोजकेच असतील तर स्वस्तातल्या पाच स्पीकरांच्या संचापेक्षा समोरचे तीन चांगले स्पीकर आणि एक सबवूफर घ्यावा; सराउंड वर्षभराने आले तरी बिघडत नाही.

मांडणीला पैसे लागत नाहीत, पण सर्वांत जास्त चुका तेथेच होतात. समोरचे डावे-उजवे स्पीकर आणि बसण्याची जागा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे प्रत्येक स्पीकर मध्यरेषेपासून सुमारे ३० अंशांवर येतो. बारीक आवाज काढणारा छोटा शंकू, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, सुमारे साडेतीन फुटांवर असावा. मधला स्पीकर टीव्हीच्या लगेच खाली ठेवून किंचित वर तिरका करावा. तो शोकेसच्या खणात, शोभेच्या वस्तूंमध्ये आत ढकलून ठेवू नये. त्याचे तोंड फळीच्या कडेपर्यंत पुढे आणले, तर माठात बोलल्यासारखा येणारा घुमारा जातो. सराउंड स्पीकर कानांच्या किंचित मागे, मध्यरेषेपासून ११० ते १२० अंशांवर आणि कानांपेक्षा फूटभर उंच लावावेत. आमच्याकडे जोडणीसाठी आलेल्या माणसाने तार वाचवण्यासाठी ते दोन्ही टीव्हीच्या शेजारीच टांगले होते, आणि दोन महिने आम्ही पाच स्पीकर एकाच भिंतीवरून ऐकत होतो.

तार जोडताना लाल खुणेचे टोक दोन्हीकडे लालमध्येच जाईल याची खात्री करावी. एका स्पीकरची टोके उलटी लागली तर आवाज येतो, पण खर्ज नाहीसा होतो आणि संवाद नेमका कोठून येतो आहे ते कळेनासे होते. तारेवर खूण नसेल तर जुनी युक्ती वापरावी: तारेची टोके रिसीव्हरपासून सोडवून दीड व्होल्टच्या साध्या सेलला क्षणभर टेकवावीत. सेलच्या अधिक बाजूला टेकवलेले टोक स्पीकरच्या लाल टोकाशी जोडलेले असेल, तर स्पीकरचा शंकू बाहेर उसळतो. उलटे असेल तर आत ओढला जातो.

सबवूफर कोपऱ्यात ठेवण्याचा मोह होतो, कारण तेथे तो जोरात वाजतो. पण तेथेच तो एका सुरावर घुमतोही. योग्य जागा शोधण्याची पद्धत थोडी हास्यास्पद आहे, पण खात्रीची आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपण बसतो तेथे ठेवावा, खर्जाची एखादी सलग धून लावावी आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरावे. जेथे खर्ज एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल ती त्याची जागा. सोफा मागच्या भिंतीला अगदी चिकटलेला असेल तर तो फूट-दीड फूट पुढे घेऊन पाहावा, कारण भिंतीलगत खर्ज फुगतो.

त्यानंतर रिसीव्हरमध्ये स्पीकरांचा आकार 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवावा. म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो आणि बाकीचे स्पीकर मोकळे होतात. बहुतेक रिसीव्हरांसोबत छोटा मायक्रोफोन येतो. तो हातात न धरता स्टँडवर किंवा उशांच्या चवडीवर कानाच्या उंचीला ठेवावा, पंखा आणि एसी बंद करावेत, आणि मग स्पीकरांची अंतरे व पातळी जुळवणारी रिसीव्हरची स्वयंचलित मोजणी चालवावी. एवढे करूनही संवाद दबलेले वाटले, तर मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवण्यात कोणताही अपराध नाही.

डॉल्बी अ‍ॅटमॉस चित्रपटगृहांत २०१२मध्ये आणि घरांत २०१४मध्ये आले. त्यात आवाज डोक्यावरूनही येतो. त्यासाठी छतात स्पीकर बसवावे लागतात, किंवा छताकडे तोंड करून आवाज परावर्तित करणारे स्पीकर वापरावे लागतात. हा दुसरा प्रकार सपाट आणि कठीण स्लॅबखालीच नीट चालतो. पायऱ्यापायऱ्यांच्या पीओपी छतात तो आवाज विखुरतो, आणि कौलारू घरात तर तो घेऊच नये.

टीव्हीपासून रिसीव्हरकडे किंवा साउंडबारकडे आवाज नेण्यासाठी एचडीएमआयच्या ज्या खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेले असते तीच वापरावी. दुसऱ्या कोणत्याही खाचेतून टीव्हीचा आवाज उलट दिशेने जात नाही. ओटीटीवरचे अ‍ॅटमॉस आकुंचित स्वरूपात येत असल्याने त्याला सहसा साधे एआरसी पुरते. टीव्हीला जोडलेल्या ब्ल्यू-रे प्लेयरचा अनाकुंचित आवाज पुढे न्यायचा असेल तरच ईएआरसीचा आग्रह धरावा.

चित्र

आता तो लिहून ठेवलेला आकडा घ्यावा. डोळ्यांपासूनचे अंतर इंचांत मांडून त्याला १.६ने भागले, की टीव्हीचा कर्ण मिळतो. चित्र तेव्हा दृष्टीच्या सुमारे ३० अंशांत पसरते. आठ फूट म्हणजे ९६ इंच, भागिले १.६ म्हणजे ६० इंच. तेव्हा ५५ किंवा ६५, या दोहोंपैकी एक. चित्रपटगृहात पुढच्या रांगा आवडणाऱ्यांनी १.२ने भागावे. उंचीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास असावा; देव्हाऱ्यासारखा उंच लावला तर मध्यंतरापर्यंत मान अवघडते.

शंभर इंची पडद्याचे स्वप्न असेल तर प्रोजेक्टरचे गणित आधी करावे. असा पडदा सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद असतो. प्रोजेक्टरचे थ्रो गुणोत्तर, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.५ असेल तर तो पडद्यापासून ३.३ मीटरवर, म्हणजे जवळपास अकरा फुटांवर ठेवावा लागतो. दहा फुटी रुंदीत ते बसत नाही. दुसरे म्हणजे, प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. खोलीतल्या उजेडात पडदा जितका पांढरा दिसतो, त्याहून काळे काही त्यावर दिसणार नाही. दुपारी पडदे उघडे ठेवून पाहणाऱ्यांसाठी टीव्हीच बरा.

नवा टीव्ही दुकानातल्या लखलखाटात उठून दिसावा म्हणून 'व्हिव्हिड'सारख्या भडक मोडवर लावलेला असतो. घरी आणल्यावर 'फिल्ममेकर', 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड निवडावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर आणि मंद वाटते, मग डोळे सरावतात आणि चेहऱ्यांचे रंग माणसांसारखे दिसू लागतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून भरू लागला, की भव्य प्रसंगही दैनंदिन मालिकेच्या चित्रीकरणासारखा दिसतो. म्हणून 'मोशन' नावाखाली असलेली ती सुविधा बंद करावी. शार्पनेस शून्याच्या जवळ आणावी. चित्राच्या आकारासाठी 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडावे, नाहीतर कडेचे चित्र कापले जाते.

काळ्या पट्ट्यांवर रागावू नये. आजचे अनेक चित्रपट २.३९:१ अशा रुंद आकाराचे असल्याने वर-खाली पट्ट्या येतात, आणि प्रभातच्या काळातले चित्रपट जवळपास चौकोनी असल्याने त्या दोन्ही बाजूंना येतात. पडदा भरावा म्हणून ते जुने चित्र ताणले, की सडपातळ नटही स्थूल दिसू लागतो.

४के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग सुचवते. घरची इंटरनेट जोडणी शंभर एमबीपीएसची असूनही चित्र धूसर होत असेल, तर दोष बहुधा वायफायचा असतो. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढल्यास तो जातो. आपल्या वर्गणीत ४के समाविष्ट आहे का, हेही एकदा पाहावे. अनेकजण ४के टीव्हीवर वर्षानुवर्षे १०८०पी, म्हणजे त्याहून कमी तपशिलाचे चित्रच पाहत असतात.

शेजारी आणि वीज

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. नियम बाजूला ठेवला, तरी खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो हे खरेच आहे. सबवूफरखाली जाड रबरी पॅड ठेवावे आणि दहानंतर रिसीव्हरचा 'नाइट मोड' सुरू करावा. त्याने स्फोट दबतात आणि कुजबुज वर येते. आईला तो इतका आवडला, की आमच्याकडे तो दिवसाही चालू असतो.

सगळी उपकरणे एकाच चांगल्या स्पाइक गार्डवर, अर्थिंग असलेल्या एकाच प्लगमधून चालवावीत. वेगवेगळ्या प्लगांमुळे स्पीकरमध्ये कधी कधी बारीक गुणगुण येते. दिव्याच्या प्रोजेक्टरला छोटा यूपीएस द्यावा, कारण वीज अचानक गेल्यास थंड करणारा पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. वळिवाच्या पावसात विजा चमकू लागल्या, की प्लग तर काढावाच, शिवाय डिशची आणि इंटरनेटची तारही उपसून ठेवावी. आमचा पहिला रिसीव्हर प्लग काढलेला असताना गेला; झटका गच्चीवरून आलेल्या डिशच्या तारेतून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तेथून एचडीएमआयच्या तारेने त्याच्यापर्यंत पोहोचला होता.