पुरात वैद्यकीय मदत घेऊन जाताय? या चुका टाळा

पूर ओसरायला लागला की गोव्यात मदतीची रीघ लागते. जुलै २०२१मध्ये म्हादई फुगली आणि सत्तरी, डिचोली, धारबांदोडा भागांत घरं पडली, तेव्हा लागली. ऑक्टोबर २००९मध्ये काणकोण पाण्याखाली गेलं, तेव्हाही लागली होती. माणसं मनापासून येतात, रजा टाकून येतात, पदरचे पैसे घालतात. तरीही दर वेळी त्याच त्या चुका होतात आणि त्या निस्तरण्यात आरोग्य केंद्राच्या माणसांचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट पक्की करू. इथे प्रमुख कोण, हा प्रश्न खुला नाही. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत संस्थांची अशी गर्दी उसळली की कोण कुठे काय करतंय याचा मेळच लागेना. संयुक्त राष्ट्रांनी २००५मध्ये मानवतावादी मदतीची जी फेररचना केली, तिच्यामागे असे अनुभव होते. प्रत्येक क्षेत्राला एक प्रमुख ठरला, आरोग्याची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. आपल्याकडे त्याच वर्षीचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तालुक्यात मामलेदार, आणि आरोग्याचं म्हणाल तर त्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्राचे आरोग्य अधिकारी. तुम्ही कितीही मोठ्या संस्थेचे असा, तिथे गेल्यावर त्यांच्या हाताखाली काम करायचं.

चूक पहिली: आरोग्य केंद्राला न विचारता शिबिर लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती टाळायला एक फोन पुरतो.

सत्तरीतल्या एका गावात पुरानंतरच्या रविवारी तीन वेगवेगळ्या पथकांनी शिबिरं लावली. तिन्ही डांबरी रस्त्याला लागून, कारण गाडी तिथपर्यंतच जात होती. देवळाच्या सभामंडपात एक, पंचायतीच्या सभागृहात दुसरं, शाळेत तिसरं. ओहोळापलीकडच्या वाड्यावर, म्हणजे त्याच गावाच्या वेगळ्या वस्तीवर, मात्र कोणी फिरकलं नाही. साकव वाहून गेला होता, तिथे जायचं तर लांबून वळसा घालून चिखलातून चालत जावं लागे. तिन्ही पथकांनी संध्याकाळी आपापले आकडे कळवले आणि कागदावर त्या गावाला भरपूर सेवा मिळाली.

चार-पाच दिवसांनी उपकेंद्राच्या नर्सबरोबर मी त्या गावात घरोघर फिरत होतो. एका घरी सोप्यावर आजी बसल्या होत्या. पाय सुजलेले, उठलं की घेरी येते म्हणाल्या. नर्सने रक्तदाब घेतला, वरचा आकडा जेमतेम ९०च्या आसपास. "आजी, गोळ्या कुठल्या घेता? आणून दाखवा बघू." सुनेने प्लॅस्टिकची पिशवी आणली. नर्सने ती सोप्यावर उलटी केली. आरोग्य केंद्राची नेहमीची रक्तदाबाची पट्टी होती, आणि शिवाय कात्रीने कापलेले तीन तुकडे. एका तुकड्यावर नावाची शेवटची दोन-तीन अक्षरं उरली होती, दुसऱ्यावर तीही नव्हती. नर्सने गोळ्यांचा रंग-आकार पाहून, मग केंद्रातल्या फार्मासिस्टला फोटो पाठवून खात्री केली. चारही एकच औषध, ॲम्लोडिपिन. कंपन्या वेगळ्या, म्हणून रंग वेगळे. आजींचं म्हणणं साधं होतं: "तिगांय दोतोरांनी सांगलां, दिसाक एक घे." त्या इमानेइतबारे प्रत्येकाची एक घेत होत्या, वर आपली जुनीही चालूच होती.

यात कुठल्याही एका डॉक्टरचं निदान चुकलं नव्हतं. प्रत्येकाला रक्तदाब वाढलेला दिसला, प्रत्येकाने योग्य औषध दिलं. चुकलं ते एवढंच, की एकालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता आणि आजींच्या हातात लिहिलेलं काहीच नव्हतं.

माझी पद्धत सांगतो. आदल्या रात्री आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: कुठल्या वाड्यावर अजून कोणी गेलेलं नाही, तुमच्याकडचं कुठलं औषध संपत आलंय, आणि गंभीर रुग्ण कुठे पाठवायचा. सकाळी निघताना उपकेंद्राची नर्स किंवा अंगणवाडी सेविका बरोबर घ्यायची. कुठल्या घरात बाळंतीण आहे आणि कोण इन्सुलिनवर आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना ऐन वेळी "चला आमच्याबरोबर" म्हणू नका. त्यांच्या स्वतःच्या घरातही पाणी शिरलेलं असू शकतं.

रुग्णाच्या हातात चिठ्ठी द्या. औषधाचं मूळ नाव, मात्रा, किती दिवस, तारीख आणि पथकाचा फोन. पट्टी कापायचीच असेल तर नाव आणि मुदत असलेला भाग रुग्णाकडे राहील अशी कापा, आणि आधीची औषधं पाहिल्याशिवाय नवीन देऊ नका. तरुण स्वयंसेवक म्हणतात, "आम्ही सेवा करायला आलोय, कागद भरायला नाही." पुरात कागद हीच सेवा आहे. तेवढा धीर नसेल त्याने पाण्याच्या बाटल्या वाटाव्यात, गोळ्यांना हात लावू नये.

आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एक तक्ता लावा: कोण, काय, कुठे, कधी. जगभरच्या आपत्तींत हाच चार रकान्यांचा तक्ता वापरतात. माझी त्यात एकच भर: 'कुठे'च्या रकान्यात गाव नको, वाडा लिहा. गाव लिहिलं की ओहोळापलीकडचा वाडा झाकला जातो. गावाचं नाव तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं तर कॉम्प्युटरवर तीन गावं दिसतात, म्हणून शेजारी जनगणनेचा गाव क्रमांकही टाका.

चूक दुसरी: मिळतील ती औषधं पोत्यात भरून आणणं

बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते १९९६ या काळात, निकामी किंवा मुदत संपलेली सुमारे १७ हजार टन औषधं तिथे जमा झाली. पुढे ती नष्ट कशी करायची, हाच एक वेगळा प्रश्न होऊन बसला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६मध्ये औषधदानाचे नियमच काढले. सोपे आहेत: घेणाऱ्याने मागितलेलीच औषधं, त्याच्या अत्यावश्यक यादीतली, मूळ नाव स्पष्ट छापलेली, आणि पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असलेली. रुग्णाने परत केलेली किंवा डॉक्टरांना नमुना म्हणून मिळालेली औषधं द्यायची नाहीत.

आपल्याकडे येतं ते नेमकं याच्या उलट. खोकल्याची सिरपं, टॉनिकं, निम्म्या वापरलेल्या पट्ट्या, 'विक्रीसाठी नाही' छापलेले नमुने. पुराच्या आठवड्यात केंद्रात फार्मासिस्ट बहुधा एकच असतो. त्याने रुग्ण सोडून पोती निवडत बसायचं का? मुदत संपलेलं औषध ओहोळात किंवा भाटात, म्हणजे बागायतीत, टाकता येत नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ते पिवळ्या पिशवीतून वेगळं जातं. सुया वेगळ्या, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यातून जातात, आणि त्या तशाच मागे ठेवून गेलेली पथकंही मी पाहिली आहेत.

फार्मासिस्टच्या सहीची यादी हातात आल्याशिवाय औषध विकत घेऊ नका. घ्याल ते शक्यतो म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांतून घ्या. उरलं तर परत करता येतं, आणि पक्की पावती मिळते.

चूक तिसरी: तिसऱ्या दिवशी निघून जाणं

लेप्टोस्पायरोसिस म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप. त्याचा जंतू अंगात शिरल्यावर ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, कधी महिनाही. म्हणजे शिबिरांचे तंबू उठतात तेव्हा कुठे ताप सुरू होतो. २०१८च्या पुरानंतर केरळमध्ये लेप्टोचे रुग्ण वाढले तेही पाणी ओसरल्यावर. साचलेल्या पाण्यात डास वाढून डेंग्यू यायला तर आणखी वेळ लागतो. पहिल्या तीन दिवसांत पाच पथकं आणि दहाव्या दिवशी एकही नाही, हे वेळापत्रक रोगाच्या सोयीचं आहे. आपसांत आठवडे वाटून घ्या. पहिल्या आठवड्याचा मोह सगळ्यांनाच असतो, कारण फोटो तेव्हा मिळतात. दुसरा-तिसरा आठवडा मागून घेणारी संस्था मला जास्त भरवशाची वाटते. ताप, पिंढऱ्यांत कळा, लाल डोळे आणि चिखलात काम केल्याची माहिती, हे चारही जुळलं की पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवू नका, त्याच दिवशी केंद्रात न्या.

डॉक्सिसायक्लिन, म्हणजे लेप्टो होऊ नये म्हणून देतात ते प्रतिजैविक, वाटायचं का, कोणाला आणि कोणी, हे आरोग्य खात्याने ठरवायचं. चिखलात उतरणाऱ्या प्रौढाला प्रतिबंधासाठी आठवड्याला एकदा २०० मिलिग्रॅम देतात. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ते देत नाहीत. घराघरांत पाकिटं फेकत जाणाऱ्यांना हा फरक करता येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

विहिरी. दोन संस्थांनी एकाच विहिरीत ब्लीचिंग पावडर ओतली की लोक वासाला कंटाळून ओहोळाचं पाणी पितात. आधी गढूळ पाणी उपसा, मग पावडर टाका, तासाभराने तपासा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं म्हणजे झालं. विहिरीच्या कठड्यावर तारीख लिहा.

जुने आजार. पुरात जखमी थोडे असतात, इन्सुलिन भिजलेले, डायलिसिसची पाळी चुकलेले आणि क्षयाच्या गोळ्या वाहून गेलेले जास्त. पहिल्याच फेरीत त्यांची यादी करा.

रुग्ण पुढे पाठवणं. १०८ला फोन लावण्याआधी रस्ता चालू आहे का ते विचारा, आणि बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवत असाल तर चिठ्ठीशिवाय पाठवू नका.

रोजचा अहवाल. एकही तापाचा रुग्ण नसेल तर 'शून्य' लिहा. रकाना रिकामा ठेवलात तर रुग्ण नव्हता की तुम्ही गेलाच नाहीत, ते कळत नाही. नवा रुग्ण आणि फेरतपासणीचा रुग्ण वेगळे मोजा, नाहीतर साथ नसताना साथ दिसते.

बैठका. रोज संध्याकाळी आरोग्य केंद्रातच, उभ्या-उभ्या, पंधरा मिनिटं. शहरातल्या हॉटेलात बैठक ठेवणाऱ्यांकडे मी जात नाही. ज्या आरोग्य अधिकाऱ्याने तिथे असायला हवं, तो रुग्ण सोडून येऊच शकत नाही.

निघताना. आदल्या दिवशी केंद्रात बसा. उरलेली औषधं मोजून, मुदतीसह लिहून फार्मासिस्टची सही घ्या. ज्यांना पुन्हा तपासायचं आहे त्यांची नावं वाड्यानुसार नर्सच्या हातात द्या आणि प्रत्येकासमोर पुढची तारीख टाका. तुमचा फोन पुढचा महिनाभर चालू ठेवा. नर्सला काही विचारायचं असेल तर ते त्याच महिन्यात असेल.