समजते पण बोलता येत नाही : प्रौढ मराठी माणसाने हिंदी बोलायला कसे शिकावे

मराठी माणूस हिंदी शिकायला बसतो तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. लिपी ओळखीची असते, शाळेत काही वर्षे हिंदी झालेली असते आणि घरात विविध भारती किंवा हिंदी मालिका चालू असतात. समोरचा काय म्हणतो ते जवळजवळ सगळे कळते. स्वतः तोंड उघडले की मात्र वाक्य मराठीच्या साच्यातून बाहेर पडते. ज्याला मुळातून काहीच येत नाही त्याला पहिल्या धड्यापासून शिकवता येते, परंतु अर्धवट येणाऱ्याला तसे शिकवून उपयोग होत नाही. मराठी आपल्याला नेमकी कोठे चकवते ती ठिकाणे शोधून त्यांच्यावरच वेळ घालवणे हा त्याच्यासाठी खरा मार्ग आहे, आणि ही ठिकाणे सुदैवाने मोजकी आहेत.

कोणती हिंदी शिकायची हे आधी ठरवावे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५२ कोटी ८३ लाख लोकांची मातृभाषा हिंदी अशी नोंद आहे, पण त्या आकड्यात भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी असे अनेक भाषाप्रकार सामावलेले आहेत. त्यामुळे पाटण्याचा माणूस आणि जयपूरचा माणूस वेगवेगळे बोलताना आढळले तर गोंधळून जाऊ नये. शिकणाऱ्याने खडी बोलीवर, म्हणजे दिल्ली-मेरठकडच्या बोलीवर, उभी असलेली, बातम्यांत आणि सुशिक्षित संभाषणात ऐकू येणारी प्रमाण हिंदी समोर ठेवावी. मुंबईच्या हिंदीला मी कमी लेखत नाही. ‘मेरे को जाने का है’ हे वाक्य ‘मला जायचे आहे’ याचेच हिंदी रूप आहे आणि मुंबईच्या रस्त्यावर ते व्यवस्थित काम करते. परंतु ‘मुझे जाना है’ हे सगळीकडे चालते, म्हणून सवय त्याची लावावी.

सुरुवात कानापासून करावी. हिंदी लिहिल्यासारखी बोलली जाते हा समज मनातून काढून टाकावा. ‘यह’ आणि ‘वह’ असे लिहितात, बोलताना ‘ये’ आणि ‘वो’ म्हणतात. ‘है’, ‘मैं’, ‘पैसा’ यांतला ऐकार आपण ‘अइ’ असा उच्चारतो. प्रमाण हिंदीत तो ‘बॅट’मधल्या स्वरासारखा, थोडा लांबवलेला असतो. ‘और’ आणि ‘कौन’ यांतला औकार ‘ऑ’च्या जवळ जातो, तर ‘भैया’ आणि ‘कौआ’ यांत मात्र जुना जोडस्वर टिकून आहे. मराठीत ‘चोर’ आणि ‘चमचा’ यांतला च दंत्य आहे. हिंदीत तसा च नाहीच, तिथे प्रत्येक च ‘चिंच’मधल्या पहिल्या चसारखा म्हणावा लागतो. ‘ज्ञान’चा उच्चार ‘ग्यान’ होतो आणि ‘कृपा’चा ‘क्रिपा’. आपल्या ळच्या जागी ल येतो आणि रोजच्या बऱ्याच शब्दांत णच्या जागी न, म्हणून फळाचे ‘फल’ होते आणि पाण्याचे ‘पानी’. ऱ्हस्वदीर्घाकडे मराठी बोलताना आपण फारसे लक्ष देत नाही, परंतु हिंदीत ‘पिता’ म्हणजे वडील आणि ‘पीता’ म्हणजे पितो, ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब.

नाकातल्या उच्चाराला मात्र वेगळा वेळ द्यावा, कारण प्रमाण मराठीच्या बोलण्यातून तो जवळपास गेला आहे आणि हिंदीत त्यावर अर्थ ठरतो. ‘माँ आई है’ आणि ‘माँ आई हैं’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहावीत. क्रियापद तेच, नाम तेच. फरक फक्त शेवटच्या अनुनासिकाचा, आणि आईविषयीचा आदर त्या एवढ्याशा जागेत राहतो. भूतकाळात ‘आई थी’ आणि ‘आई थीं’ यांतही हेच घडते. हिंदी घरात वाढलेल्या माणसाच्या कानाला ही उणीव लगेच जाणवते, जरी तो सौजन्याने काही बोलला नाही तरी.

आता सर्वांत मोठा अडथळा : लिंग. मराठीत लिंगे तीन, हिंदीत दोन. आपली नपुंसकलिंगी नामे हिंदीत बहुधा पुल्लिंगी होतात : घर, काम, नाम, शहर, पानी, दूध, सोना, फूल, दही. एवढा नियम लक्षात ठेवला तरी मोठा पल्ला गाठला जातो. पण त्याला अपवाद आहेत आणि नेमके तेच रोज लागतात. आपले ‘ते पुस्तक’ आणि ‘ते नाक’ हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. आपला ‘तो आवाज’, ‘तो चहा’, ‘तो आत्मा’, ‘तो मृत्यू’, ‘तो ऋतू’ हेही हिंदीत स्त्रीलिंगी होतात, आणि शब्द तंतोतंत ओळखीचा असल्यामुळे आपल्याला शंकासुद्धा येत नाही. अनोळखी शब्दाचे लिंग माणूस विचारून घेतो. ओळखीच्या शब्दाचे लिंग तो घरून घेऊन येतो आणि चुकतो. याउलट कीमत, मेहनत, इज़्ज़त, मदद हे शब्द दोन्ही भाषांत स्त्रीलिंगीच आहेत, तेथे निर्धास्त राहावे.

लिंग पाठ करण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘चाय – स्त्रीलिंगी’ अशी यादी करून काहीही साधत नाही, कारण बोलताना ती यादी उघडून पाहायला वेळ नसतो. त्याऐवजी प्रत्येक नाम एका विशेषणासह तोंडात बसवावे, आणि ते विशेषण आकारान्त म्हणजे लिंगाप्रमाणे बदलणारे असावे. ‘सुंदर’ किंवा ‘गरम’ यांतून काहीच कळत नाही. ‘ठंडी चाय’, ‘मीठी आवाज़’, ‘लंबी नाक’, ‘नई पुस्तक’, ‘खट्टा दही’, ‘पुराना घर’ यांतून कळते. रोज अशा पाच जोड्या दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणाव्यात. महिन्याभराने ‘ठंडा चाय’ हे आपल्याच कानाला खटकू लागते, आणि कानाला खटकणे हेच लिंगज्ञान.

क्रियापदांकडे वळले की मराठी आपल्याला जितकी अडवते त्याहून जास्त मदत करते, हे मला वारंवार जाणवले आहे. ‘मला भाकरी खायची आहे’ म्हणणाऱ्याला ‘मुझे रोटी खानी है’ हे समजावून सांगावे लागत नाही. ‘मी मुलीला पाहिले’ यात आपले क्रियापद नपुंसकलिंगी राहते, त्याच जागी हिंदीत पुल्लिंगी एकवचन येते : ‘मैंने लड़की को देखा’. सामान्यरूपही आपल्याकडे आहेच. ‘चांगल्या मुलाला’ तसे ‘अच्छे लड़के को’. ज्या भाषांत हे काहीच नाही त्या भाषांच्या लोकांना येथे फार कष्ट पडतात.

फरक आहे तो ‘ने’च्या बाबतीत. मराठीत ‘त्याने वाचले’ म्हणतात, पण ‘मी वाचले’, ‘तू वाचलेस’ यांत ने लागत नाही. हिंदीत तो तेथेही लागतो : ‘मैंने पढ़ा’, ‘तूने पढ़ा’. उलट ‘लाना’ आणि ‘भूलना’ यांना ने लागत नाही, म्हणून ‘मैं किताब लाया’ आणि बाई बोलत असल्यास ‘मैं किताब लाई’. ‘बोलना’लाही तो सहसा लागत नाही, मात्र ‘कहना’ला लागतो : ‘वह बोला’, पण ‘उसने कहा’. मराठीच्या ‘त्याला विचारले’ आणि ‘त्याला भेटलो’ यांचे ‘उसको पूछा’ आणि ‘उसको मिला’ असे भाषांतर करण्याची खोड आपल्यात खोलवर आहे. हिंदीत ‘उससे पूछा’ आणि ‘उससे मिला’ असे म्हणावे. तसेच ‘मी माझे काम करतो’ याचे ‘मैं मेरा काम करता हूँ’ होत नाही, ‘मैं अपना काम करता हूँ’ असे होते. कर्त्याची स्वतःची वस्तू असेल तर हिंदीत ‘अपना’च यावा लागतो. नकाराची जागाही बदलते : ‘तो आला नाही’ याचे साधे रूप ‘वह नहीं आया’, ‘आया नहीं’ म्हटले की त्यात वेगळा जोर येतो.

आदराच्या रूपांविषयी एक अनुभव सांगतो. पहिल्यांदा एका हिंदी भाषक मित्राच्या घरी गेलो असताना त्याचे वडील माझ्यासाठी खुर्ची सरकवायला उठले, आणि मी अगदी मनापासून म्हणालो, ‘तुम बैठो, मैं लेता हूँ.’ माझ्या मनात ‘तुम्ही बसा’ होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर थांबले आणि पुन्हा आले. बाहेर पडल्यावर मित्राने हळूच सांगितले की ‘तुम’ हे बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी असते. मराठीच्या ‘तुम्ही’ची जागा हिंदीत ‘आप’ घेतो, तुम नव्हे, आणि ‘आप’बरोबर क्रियापदही बदलते : ‘आप बैठिए’. ‘आप बैठो’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, तरी ते अर्ध्यावर थांबलेले रूप आहे. प्रौढ शिकणाऱ्याने पहिले सहा महिने सर्वांनाच ‘आप’ म्हणावे. ‘तुम’वर यायचे आमंत्रण समोरच्याच्या बोलण्यातून आपोआप येते. आपल्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठी हिंदीत एकटा ‘हम’ आहे, एवढेही ध्यानात असू द्यावे.

सारखे दिसणारे शब्द ही पुढची चकवणारी जागा. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, ‘व्यस्त’ म्हणजे कामात गुंतलेला, ‘ख़ाली’ म्हणजे रिकामा. आपली ‘गडबड’ म्हणजे घाई, हिंदीतली ‘गड़बड़’ म्हणजे घोटाळा. घाईत असल्यास ‘मैं जल्दी में हूँ’ म्हणावे. ‘अभ्यास’ म्हणजे सराव, आणि आपल्या अभ्यासाला ‘पढ़ाई’. नात्यांत तर विशेष जपावे : हिंदीत ‘दादा’ म्हणजे आजोबा आणि ‘ताई’ म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आकड्यांपैकी उनचास, उनसठ, उनहत्तर, उन्यासी हे ४९, ५९, ६९, ७९ वेगळे घोकावेत, आणि ८९ त्या रांगेत न बसता ‘नवासी’ होतो.

रोजच्या सरावाला वीस मिनिटे पुरतात, पण ती तोंडाने घालवलेली असावीत. आकाशवाणीच्या हिंदी बातम्यांतला किंवा एखाद्या मुलाखतीतला एक मिनिटाचा तुकडा घ्यावा, तीन वेळा नुसता ऐकावा, मग निवेदकाच्या पाठोपाठ त्याच चालीत म्हणावा आणि शेवटी आपला आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मूळ तुकड्याशी ताडून पाहावा. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज ऐकवत नाही. तरी ऐकावा, कारण ‘हैं’मधले हरवलेले अनुनासिक दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सापडत नाही. त्यानंतर त्या तुकड्यातले एकच वाक्य घेऊन ते फिरवावे : ‘वह कल आया’, ‘वे कल आए’, ‘माँ कल आईं’, ‘आप कल आइएगा’. याच वाक्यांतून ‘कल’ म्हणजे काल की उद्या हे क्रियापदावरून ठरते, हेही अंगवळणी पडते.

काही वाक्ये मात्र न फिरवता, शब्दांची फोड न करता, जशीच्या तशी तोंडात असावीत : ‘मुझे पता नहीं’, ‘कोई बात नहीं’, ‘ज़रा धीरे बोलिए’, ‘इसे हिंदी में क्या कहते हैं?’ यांच्या आधाराने संभाषण तुटत नाही आणि पुढचा शब्द आठवायला श्वासभर वेळ मिळतो.

शेवटी माणूस हवा. शेजारी, सहकारी, फोनवरचा जुना स्नेही, कोणीही एक हिंदी भाषक निवडावा आणि त्याच्याशी ठरावीक वेळी हिंदीतच बोलायचे ठरवावे. सगळ्या चुका दुरुस्त करायला त्याला सांगू नये, कारण प्रत्येक वाक्याला थांबवले की प्रौढ माणूस बोलणेच बंद करतो. या आठवड्यात फक्त लिंगाच्या चुका, पुढच्या आठवड्यात फक्त ‘ने’च्या, असे वाटून द्यावे. आपण अडखळलो की समोरचा दयेपोटी मराठीत किंवा इंग्रजीत बोलू लागतो. तेव्हा न रागावता म्हणावे, ‘हिंदी में ही बोलिए, मैं सीख रहा हूँ’, आणि शिकणारी बाई असेल तर ‘सीख रही हूँ’.